पॅनेलवरच्या पोराची चौकशी

आमच्या आष्ट्यात पोरीला स्थळ आलं की पत्रिका नंतर बघतात, आधी हंबीररावांना सांगतात. पलटणीतून सुभेदार होऊन घरी आल्यापासून त्यांचा हाच उद्योग. घराणं कसं आहे, पोरगा पितो का, सासू कशी आहे, हे सगळं ते काढून आणतात. आणि मी, गुंडा, पिठाच्या गिरणीचा मालक, त्यांचा बिनपगारी ड्रायव्हर. आष्ट्याच्या आसपासची गावं मी मोटारसायकलवर त्यांना मागे बसवूनच पाहिली आहेत.

हंबीरराव स्थळाच्या घरी थेट कधी जात नाहीत. आधी डेअरीवर थांबतात, न्हाव्याकडे दाढी करून घेतात, दुकानात सुपारी घेतात आणि म्हैस विकत घ्यायची आहे म्हणून सांगतात. म्हशीच्या निमित्ताने माणूस आख्ख्या भावकीचं बोलून जातो. मग घरी जाऊन पाणी मागायचं. पाणी कोण आणतं आणि आणताना त्याचा चेहरा कसा असतो, ते बघायचं. सून दबकत पाणी घेऊन आली तर चहाला न थांबता उठायचं. एवढ्या वर्षांत त्यांनी मोडलेली स्थळं जमवलेल्यांपेक्षा जास्त असतील, पण त्यांना शिव्या देणारी पोरगी मी अजून पाहिली नाही.

हा संशय त्यांच्या अंगात पहिल्यापासून नव्हता. स्वतःच्या पोरीचं, राणीचं लग्न त्यांनी उंब्रजच्या एका पलटणीतल्या दोस्ताच्या घरी लावलं. दोस्ताच्या घराची काय चौकशी करायची, म्हणून कुणाला काही विचारलं नाही. जावई प्यायचा आणि हात उचलायचा. राणी तान्ही पोर काखेत घेऊन परत आली ती कायमचीच. तेव्हापासून हंबीररावांनी कुणावर विश्वास टाकायचं सोडून दिलं. मला त्यांचा राग यायचा, पण राणीकडे बघितलं की गप्प बसावं वाटायचं.

ती तान्ही पोर म्हणजे प्रियदर्शनी. गेल्या वर्षी ती सांगलीच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला एम.एस्सी.ला पुण्याला जायचं होतं. आजोबा हो म्हणाले तर पुणे आणि होस्टेल, नाहीतर आष्ट्यात राहून बी.एड. आणि मग स्थळं. सगळं त्यांच्या एका शब्दावर अडलं होतं.

तिच्या कॉलेजात क्रांती मॅडम म्हणून गणिताच्या बाई आहेत. त्या दर शनिवारी दुपारी पोरांची कार्यशाळा घेतात. प्रवेश परीक्षेची गणितं सोडवून घेतात, अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत काय बोलायचं ते शिकवतात. आणि मधूनमधून पॅनेल ठेवतात. पॅनेल म्हणजे याच कॉलेजातून गणित शिकून बाहेर पडलेली पोरं पुढे खुर्च्या मांडून बसतात आणि आपलं पुढं काय झालं ते सांगतात. यावेळी मॅडमनी आईवडिलांनाही बोलावलं होतं.

"पैसं किती?" हंबीररावांनी विचारलं.

"फुकट हाय आबा," प्रियदर्शनी म्हणाली. "वर चहा आणि वडापाव."

"मग नक्कीच काहीतरी काळंबेरं हाय."

त्यांचंही बरोबर होतं. मागे आष्ट्याच्या एका मंगल कार्यालयात असाच फुकट सेमिनार झाला होता. टाय लावलेली पोरं एकेक उठून, मी पण तुमच्यासारखाच खेड्यातला होतो, असं सांगायची आणि टाळ्या पडायच्या. त्या नादात आळीतल्या निम्म्या घरांत कसल्याशा पावडरीचे डबे आले. ती प्यायची का उसावर मारायची, हे कुणाला कळलं नाही. एक डबा माझ्या गिरणीतही आहे.

"जाऊन बघतो," हंबीरराव शेवटी म्हणाले. "त्या खुर्चीवरची पोरं खरी निघाली तर पुण्याला पाठवीन. खोटी निघाली तर इषय बंद."

आम्ही दोघं शेवटच्या बाकावर बसलो. वडापाव मी खाल्ला, त्यांनी हातही लावला नाही. समोर एक पोरगी बँकेतली, एक पोरगा विमा कंपनीतला, आणि तिसरा जतकडचा दिग्विजय. हा सगळ्यांत भारी बोलला. धनगराचं पोर, घरात शिकलेलं कुणी नाही, गणित आवडलं म्हणून एम.एस्सी. केलं आणि पुण्यात कंपनीत डेटाचं काम मिळालं. प्रियदर्शनी तोंड उघडं टाकून ऐकत होती. एवढी खूश मी तिला दहावीच्या निकालादिवशीही पाहिली नव्हती.

प्रश्न विचारा म्हटल्यावर हंबीरराव उठले. "गाव कंचं तुमचं? वडलांचं नाव?"

पोरं हसली. प्रियदर्शनीने मान खाली घातली. दिग्विजयने गाव सांगितलं, वडील बिराप्पा म्हणून सांगितलं.

"आणि कंपनीचं नाव?"

"हिंजवडीला हाय."

"हिंजवडी ही जागा झाली. नाव काय?"

"मोठं नाव हाय, आबा. इंग्रजी," तो म्हणाला आणि खिडकीकडे बघायला लागला. क्रांती मॅडम त्याच्याकडे एकटक बघत होत्या, पण मध्ये बोलल्या नाहीत.

परत येताना हंबीरराव माझ्या कानाशी म्हणाले, "पोराला गाव सांगताना अडचण न्हाई आली, कंपनी सांगताना आली. मंगळवारी गाडी काढ."

"मंगळवारी का? रविवारी घरी सापडंल की."

"रविवारी तर सगळेच घरी असत्यात, गड्या. मंगळवारी घरी सापडला तर कळंल."

मंगळवारी मिरज आणि कवठेमहांकाळ मागं पडलं, ऊस संपला आणि बाभळी सुरू झाल्या. गावाच्या फाट्यावर चहाची टपरी होती. इथं म्हशीचं नको, बकऱ्याचं विचार, असं त्यांनी मला आधीच बजावलं होतं. मी बकऱ्याचं विचारलं.

"बिराप्पाकडं जावा," टपरीवाला म्हणाला. "पोरगंबी हाय घरी. दिवाळीपासनं हितंच हाय. घरनंच काम करतंय म्हनं कंप्युटरवर."

हंबीररावांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला प्रियदर्शनीचं वाईट वाटलं.

घर पत्र्याचं, पुढं मेंढरांचा वाडा. आम्ही पाणी मागितलं आणि तांब्या घेऊन दिग्विजयच बाहेर आला. हंबीररावांना बघून तो जागीच थांबला, पण मागं वळला नाही. जवळ येऊन तांब्या पुढे केला आणि म्हणाला, "तुमी येनार हे मला गावाचं नाव विचारलं तवाच कळलं हुतं."

तेवढ्यात त्याची आई, सुलाबाई, आली. "कंपनीतलं हायसा का?" तिने कौतुकाने विचारलं. "लय काम असतंय बगा त्याला. दिवसभर कंप्युटरम्होरनं उठत न्हाई."

आता हे म्हातारं सगळं बाहेर काढणार, असं मला वाटलं. स्थळाची खोट काढायला ते कधी लाजले नव्हते. पण ते म्हणाले, "सांगलीला वळख झाली. बकरं बगाय आलोय," आणि वाड्याकडे चालू लागले. दिग्विजय मागोमाग आला.

"नोकरी कवा गेली?"

"दिवाळीच्या आदी. आमच्या पन्नास जणांना एका दमात काढलं."

"आणि सांगलीत उभा राहून खोटं बोललास."

"तीन वरसं काम केलं ते खरं हाय, आबा. सुटलं एवढंच न्हाई बोललो. मॅडमना सांगितलं हुतं. त्या म्हनाल्या, तेच सांग पोरांना, त्याचाच उपयोग हाय. पन तिथं गेल्यावर जमलं न्हाई. आईलाबी सांगाय जमंना झालंय." तो वाड्याची काठी हातात फिरवत होता. "अर्ज टाकतोय रोज. परवा एका ठिकानी मुलाखत हाय."

हंबीररावांनी एका मेंढराचे दात उघडून बघितले. मग म्हणाले, "म्होरल्या शनिवारी परत कार्यशाळा हाय. तिथं येऊन खरं सांग. न्हाईतर मी सांगीन. आणि आईला त्याच्या आदी सांग."

चहा मात्र त्यांनी घेतला. तेवढ्यावर मी थोडी आशा धरली.

घरी प्रियदर्शनी सोप्यावर वाट बघत होती, राणी सोप्याला लागूनच्या चुलीपुढं होती. हंबीररावांनी पाय धुतले, बसले आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "नोकरी न्हाई, आईला फसवून घरात बसलंय. जो सगळ्यात भारी बोलला त्योच खोटा. इषय बंद."

प्रियदर्शनी आत गेली. मला तिथून उठून जावंसं वाटलं. राणी भाकरीचं पीठ मळत होती. वडिलांच्या पुढं तिने आजवर कधी आवाज काढलेला मला आठवत नाही. पीठ मळतच तिने विचारलं, "आबा, त्या पोराची नोकरी गेली. मग आता त्यो काय करतोय?"

"काय करनार? अर्ज टाकतोय. परवा मुलाखत हाय म्हनं."

"म्हंजी दुसरी मिळंल."

"मिळंल की. शिकल्याला हाय."

राणीचे हात थांबले. "माझं मोडलं तवा मी कुठं अर्ज टाकायचा हुता, आबा?"

हंबीररावांनी तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"तुमी घरात घेतलं, तुमचं उपकार हायत," राणी म्हणाली. "पन वीस वरसं मी ह्या चुलीम्होरं हाय. तुमी गावातल्या सगळ्या पोरींची चौकशी केली. कुठं मोडनार न्हाई ते बघितलं. मोडलं तर पोरीच्या हातात काय हाय, ते कवा बघितलं न्हाई."

मी गाडीची किल्ली शोधायच्या निमित्ताने बाहेर आलो. आतून हंबीररावांचा आवाज आला, "पोरी, बाहीर ये. फारम कवा भरायचाय?"

पुढच्या शनिवारी दिग्विजय आला आणि नोकरी गेल्याचं पोरांसमोर सांगितलं. पोरांनी सगळ्यांत जास्त प्रश्न त्यालाच विचारले. हंबीरराव शेवटच्या बाकावरच होते. त्या दिवशी त्यांनी वडापाव खाल्ला.

म्हणून संशय गेला असं मात्र नाही. प्रवेश मिळाल्यावर ते म्हणाले, "आता होस्टेलची चौकशी. गुंडा, गाडी काढ." पण यावेळी राणीच म्हणाली, मीपण येते. मग एस.टी.ने गेलो. उंब्रजचा फाटा आला तेव्हा राणी खिडकीतून सरळ बाहेर बघत होती.

होस्टेलच्या फाटकावर हंबीररावांनी वॉचमनकडे पाणी मागितलं आणि नेहमीसारखं बघत उभे राहिले. राणी मात्र थांबली नाही. सरळ आत जाऊन वॉर्डनबाईंच्या टेबलापुढं उभी राहिली. जेवण कसं, फाटक कधी बंद होतं, असं काही तिने विचारलं नाही.

"बाई," ती म्हणाली, "हिला कवा अर्ध्यात सोडून घरी यावं लागलं, तर परत यायला जागा मिळती का?"

"मिळते," बाई म्हणाल्या. "एक वर्ष खंड पडला तरी चालतो. अर्ज करायचा."

राणीने मागे वळून बघितलं. दारात हंबीरराव पाण्याचा ग्लास हातात धरून उभे होते. त्यांनी ते पाणी प्यायलंच नव्हतं.