एका खणाचं माप

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरमालकीण काकूंनी जन्मभरात जेवढे खण उपसले, तेवढ्या विहिरी नागपुरात कुणी उपसल्या नसतील. मी जतकडचा, आठवीतच शाळा सुटलेला, कळमेश्वरच्या कारखान्यात कामाला आलेला. ओळखदेख नसताना त्यांनी मला मागची खोली दिली, आणि देताना विचारलं एवढंच, "जेवला का गा?" माझ्या टेबलाचा खण मात्र दर रविवारी तपासायच्या. कंगवा आणि पेन शेजारी दिसले की त्यांचा चेहरा पडायचा. "केसाची वस्तू अन् कागदाची वस्तू एकाजागी काहून ठेवतं तू?" मी तापानं आठवडाभर पडलो होतो, तेव्हा पेज भरवता भरवता त्यांनी माझ्या गोळ्यासुद्धा रंगाप्रमाणे लावल्या होत्या.

घरात एकतीस खण होते. एक नुसत्या नाड्यांचा. एक अशा किल्ल्यांचा, ज्यांची कुलपं कधीच हरवली होती. तरी त्या किल्ल्यांना तेल मिळायचं. काका गेल्यापासून त्यांचा चष्मा एका खणात एकटाच राहायचा, आणि त्याच्या काचा रोज पुसल्या जायच्या. एखादा मोडका चिमटा टाकू का, असं मी विचारलं तर काकू अशा बघायच्या, जणू मी घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दलच विचारलं होतं.

मग काकूंच्या पुण्यातल्या मुलानं त्यांना कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं आणि घर विकायला काढलं. माणूस वाईट नव्हता, फ्लॅटच लहान होता. कपडे सुनेच्या कपाटात राहणार, बाकी सगळ्या सामानाला एक खण. काकूंना फोनवर कमी ऐकू यायचं म्हणून त्या खणाची लांबी-रुंदी मीच लिहून घेतली. त्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून त्यांनी बैठकीत अंथरला. कागदावर बसेल ते पुण्याला जाणार, बाकीचं नाही. महिनाभर त्या कागदावर नाड्या चढल्या, उतरल्या. किल्ल्या चढल्या, उतरल्या. शेवटी काकू डबीवर डबी रचायला लागल्या. सगळ्यांत वर चष्मा ठेवून म्हणाल्या, "पाहा गा, बसलं न सारं?" मलाही ती मोठी हुशारी वाटली.

त्या गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. खण बंदच होत नव्हता. उंची विचारायची मी विसरलोच होतो, आणि तो खण जेमतेम चार बोटांचा होता. मी फोनवर ओरडून माफी मागायला लागलो, तर काकू म्हणाल्या, "तुयं माप बरोबर होतं गा. सामानच गाडीत फुगलं."

चष्म्याचं काय झालं, ते मी भीत भीतच विचारलं.

"माह्या उशीखाली आहे. सून काही म्हणत नाही."

घराला गिऱ्हाईक मिळेपर्यंत मी मागच्याच खोलीत आहे. रिकामे खण कधी उघडून बघतो, तर डांबरगोळ्यांचा वास येतो. तो कागद बैठकीतच पडला होता, तो मी उचलून आणला. परवा रविवारी माझं सगळं सामान त्यावर मांडून पाहिलं. निम्मा कागद उरला. कंगवा आणि पेन तेवढे मी दोन टोकांना ठेवले.