आता हा मेण

आधी अक्षराची माफी मागते. माझ्या ओळी उतरणीला लागतात आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझी ओळख चौथीनंतर तुटली. ही वही कुणाला दाखवणार नाही, तरी मागते. ऑफिसात मात्र मी माफी मागितली नाही. ते का, एवढंच लिहायचं आहे.

अंधेरीला इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात मी झाडलोट करते, चहा करते. तिथे सगळ्यांचे नकाशे एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये जमा होतात. त्याला मेन म्हणतात. चहाच्या खोलीत दुसरा आहे, तो बॅकअप. मेनमध्ये जे पडेल त्याची नक्कल आपोआप बॅकअपमध्ये जाते.

एका सकाळी कुलूप उघडलं, तर वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून पाणी सरळ मेनवर पडत होतं. मी फोन केला. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मॅडम मुलुंडहून रिक्षा करून आल्या. त्यांनी मेन दुरुस्तीला पाठवला, सगळ्यांचं काम बॅकअपवर वळवलं आणि निघताना मला म्हणाल्या, "मावशी, आता हा मेन. तो परत आला की आधी ह्याच्यातलं त्याच्यात भरायचं. उलटं झालं तर वाट लागली. जरा चिठ्ठी लावा ना यावर."

मी कागदावर लिहिलं, 'आता हा मेण. ह्याच्यातून त्याच्यात.' आणि चिकटवलं. न नळाचा की ण बाणाचा, मला आजही पटकन आठवत नाही.

नकाशे काढणाऱ्या पोरींनी वाचलं आणि हसत सुटल्या. "मावशी, वात कुठाय? पेटवू या!" मीही मान खाली घालून हसले. मॅनेजर साहेब हसले नाहीत. "क्लायंट येतात इथे, काय हे," म्हणत त्यांनी कागद फाडून टाकला.

आठ दिवसांनी मेन दुरुस्त होऊन आला. साहेबांनी मॅडमना न विचारता स्वतःच जोडला आणि नेहमीसारखी नक्कल सुरू केली. म्हणजे उलटी. मेनमधले आठ दिवसांपूर्वीचे नकाशे नव्या नकाशांवर जाऊन बसले. सगळ्यांची आठ दिवसांची मेहनत पुसली गेली.

"मावशींनी लादी पुसताना वायर काढली," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. मला चार माणसांत बोलता येत नाही. त्या महिन्याला दोन हजार कापले, पुढच्या महिन्यालाही दोन हजार. मी केलेलं नसताना.

दोन महिन्यांनी मॅडम पुन्हा आल्या त्या दिवशी मी चहाचा ट्रे घेऊन साहेबांच्या केबिनच्या दारात उभी राहिले. ट्रेमधले कप वाजत होते. तशीच बोलले.

"मी वायर काढली असती तर कॉम्प्युटर बंद पडला असता. नकाशे जुने कसे झाले असते?"

"तुम्हाला काय कळतं त्यातलं, मावशी?" साहेब म्हणाले.

"ह्याच्यातून त्याच्यात, एवढं कळतं. तेच लिहिलं होतं. तुम्ही फाडलंत."

मॅडमनी साहेबांच्या कॉम्प्युटरवरून मेन उघडला. तो कधी बंद झाला, कुणी काय चालू केलं, सगळं त्यात नोंदलेलं असतं म्हणे. "परत जोडल्यापासून एकदाही बंद पडलेला नाही," त्या म्हणाल्या. "आणि नक्कल तुमच्या पासवर्डने सुरू झालीय, सर."

साहेबांनी घसा खाकरला. "बरं. हजार आत्ता घ्या. बाकीचे दिवाळीच्या बोनसमध्ये धरू."

"बोनस माझा वेगळा," मी म्हटलं. "हे माझे कापलेले आहेत. चार हजार. आज."

ट्रे टेबलावर ठेवला आणि तिथेच उभी राहिले. चहा गार झाला. मी हलले नाही. शेवटी साहेबांनी कपाट उघडलं आणि चारही हजार माझ्या हातात दिले. एक रुपया बाकी राहिला नाही.