बॅटरीला ऊन लागू नये म्हणून

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागलो की मला राग येतो आणि मग कुणी हसलेलं मला खपत नाही. चूक माझी होती, मान्य! पण एवढी? अख्ख्या कागलानं हसावं एवढी? तुम्हीच ठरवा.

उन्हाळा नुकता तापायला लागला होता आणि माझ्या गाडीची जुनी बॅटरी मेली. मेली ती मेली, वर दुकानदारानं मलाच ऐकवलं.

"पावणं, थंडीपरास उन्हात बॅटऱ्या जास्त जात्यात. नवीन देतोय, पर गाडी सावलीत लावत जावा. थंड ठेवा तिला."

सावलीत! आमच्या दारात सावली आहे कुठं? होतं एक आंब्याचं झाड, ते रस्ता रुंद करताना गेलं. दुपारी बॉनेटला हात लावला तर कातडं सोलून निघेल. पण मी काय हात बांधून बसणारा माणूस आहे? आमचं घर दुधाचं. वडिलांनी म्हशी सांभाळल्या, आता मी सांभाळतोय. उन्हाळ्यात म्हशीच्या पाठीवर ओलं पोतं टाकायचं असतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. म्हटलं, जे म्हशीला मानवतं ते बॅटरीला न मानवायला काय झालं?

मग रोजचा नेमच झाला. जेवण झालं की बॉनेट उघडायचं, पोतं बादलीत बुडवायचं, जरा पिळायचं आणि बॅटरीच्या अंगावर घालायचं. वर तांब्याभर पाणी. ऊन उतरलं की पोतं काढून वाळत टाकायचं.

माझी बायको सुमन म्हणाली, "अवो, वायरी हायत तिथं. कायतरी हुईल."

"गप गं. तुला गाडीतलं काय कळतंय?"

असं म्हणालो मी. लक्षात ठेवा, कारण तिनं ठेवलंय.

एवढी सेवा करूनसुद्धा पंधरवड्यात गाडी सकाळी सकाळी कण्हायला लागली! नवी बॅटरी! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता त्या दुकानदाराला सोडायचं नाही. पण उद्या तो म्हणेल, तुम्ही गाडीची निगाच राखत नाही. म्हणून जायच्या आधी बॉनेट उघडलं आणि बॅटरी वरून घासूनपुसून लख्ख केली. पिनांवर काहीतरी पांढरं-हिरवं बसलं होतं, तेही खरडून काढलं. वायरी हलवून घट्ट दाबल्या आणि गेलो.

"बॅटरी दिलीसा का भंगार दिलंसा?"

त्यानं शांतपणे मीटर लावला. "बंद गाडीला साडेबारा व्होल्टच्या वर. आता चालू करा." केली. "ही बघा चौदा. चार्जिंग बी झ्याक हाय. बॅटरीत कायबी न्हाई, पावणं."

"मग सकाळी का रडती?"

"दिवं चालू ऱ्हात असतील. न्हाईतर गाडी बंद करून गाणी ऐकत बसत असशीला."

गाणी! मी! दूध घालून घरी यायला मला वेळ पुरत नाही आणि हा म्हणतो गाणी! तणतणत घरी आलो. दोन दिवस गाडी गुणानं चालली, पुन्हा रडायला लागली. पुन्हा मी पुसून, दाबून दुकानात. पुन्हा त्याचा मीटर, पुन्हा साडेबारा आणि चौदा. माझी खात्रीच पटली की हा मीटर बनावट आहे. तालमीच्या कट्ट्यावर बसून मी जो भेटेल त्याला सांगत सुटलो, त्या दुकानाची पायरी चढू नका.

इथवर ठीक होतं हो. पण पुढं आला पल्लवीचा साखरपुडा.

पल्लवी म्हणजे माझी मेव्हणी, सुमनची धाकटी बहीण. नोकरी कोल्हापुरात, म्हणून आमच्याकडंच राहायची. साखरपुडा कागलला, नवऱ्या मुलाच्या घरी. माझे सासरे ती लहान असतानाच गेले, त्यामुळं तिच्या बाजूनं उभा राहणारा वडीलधारा म्हणाल तर मीच. मी सगळ्यांना छाती ठोकून सांगितलं होतं, "पोरीला मी आणतो. माझ्या गाडीतनं. दुपारच्या आत मांडवात."

मोठ्या कामाची गाडी म्हणून आदल्या दिवशी तांब्याऐवजी मी अख्खी बादली ओतली.

सकाळी पल्लवी भरजरी साडी नेसून, गजरा माळून मागच्या सीटवर बसली. सुमन पुढं. मी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली.

टक.

परत फिरवली. टक. दिवेसुद्धा विझले.

शेजारच्या शिंदेकाकांनी आपली गाडी आणून शेजारी लावली, तिच्या बॅटरीतून आमच्या बॅटरीला वायरी जोडल्या. टक! आता बोला! दोन दोन बॅटऱ्या आणि गाडी चालू होत नाही! कागलहून फोनवर फोन. "निघालासा का?" ऊन चढत चाललेलं. पल्लवीच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला, डोळेही भरून आले.

"दाजी, रिक्षा बघू काय?"

"रिक्षातनं जातीस साखरपुड्याला? मी मेलोय काय?"

आणि मी दुकानदाराला फोन लावला. काय काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. तोही पेटला आणि हत्यारांची पिशवी घेऊन स्कूटरवरून थेट आमच्या दारात.

"कोण मला चोर म्हणतंय?"

"मी म्हणतोय! बॅटरीच्या नावाखाली डबा दिलाईस!"

गल्ली गोळा झाली. मी बाह्या सरसावल्या, त्यानंही सरसावल्या. तेवढ्यात पल्लवी लगबगीनं घरामागच्या परड्यातून आली. एका हातानं साडी वर धरलेली, दुसऱ्या हातात पाणी गळणारं पोतं.

"दाजी, आज पोतं टाकायचं ऱ्हायलंय की! म्हणूनच चालू हुईना बघा."

दुकानदार थांबला. "कसलं पोतं?"

"बॅटरीवर टाकत्यात न्हवं, रोज. उनाचं. वर तांब्यानं पाणी घालत्यात. लई जपत्यात दाजी." पोरीच्या आवाजात काय अभिमान! "आन् तुमच्याकडं यायच्या आदी सगळं पुसून चकाचक करत्यात."

दुकानदारानं पाना काढला आणि बॅटरीच्या पिनेवर वायरीची जी पकड असते ती सोडवली. वरून सगळं लख्ख. आतून? मिठाच्या बरणीच्या झाकणावर बसतो तसा थर! पांढरा, हिरवा, जाड.

"ह्यातनं करंट जाईल कसा? बॅटरी भरल्याली हाय, पर भाईर काय येईना आन् आत बी काय जाईना. पावणं, मी बॅटरी दिली हुती. म्हस न्हाई!"

"तुम्हीच म्हणालासा की, थंड ठेवा!"

"थंड ठेवा म्हणालो. आंघूळ घाला कोण म्हणालं?"

शिंदेकाका हसता हसता आमच्या पायरीवर बसले ते बसलेच. दुकानदारानं पिना घासल्या, कोरड्या केल्या, पकडी आवळल्या. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू! निदान अशा वेळी तरी तिनं थोडं अडायला नको होतं?

कागलपर्यंत सुमन तोंडात पदर धरून खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते. मागं पल्लवी होणाऱ्या नवऱ्याला फोनवर काहीतरी लिहीत होती आणि मधूनच खुदकन हसत होती. मी म्हटलं, असू दे, पोरगी खुशीत आहे.

वेळेत पोचलो. कुंकू लागलं, साखरेचा पुडा झाला, अंगठ्या झाल्या. मग मी उठून मुलाच्या वडिलांपुढं हात जोडले. आता तिथं सगळा राग विसरलो होतो मी, खरंच सांगतो.

"पोरगी बापाविना वाढलीया. तिला झळ लागू दिऊ नगासा. जिवापाड जपा."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मुलाच्या वडिलांनी माझे दोन्ही हात धरले. गंभीर माणूस, पटका बांधलेला.

"जपतो की, पावणं. अजिबात काळजी करू नगासा," ते म्हणाले. "पर तुमच्यागत न्हाई जपणार."

सगळ्यात आधी हसली ती सुमन.