पाऊस न पडल्याची नोंद

आमच्या लॅबमध्ये एक नियम आहे आणि तो मी कुणाला मोडू देत नाही. शनिवारी दुपारी चहा येतो, पण तो त्या आठवड्यात ज्याने उघड प्रश्न विचारला असेल त्यालाच. उघड म्हणजे व्हॉट्सअॅपवर ‘मॅडम, एक डाउट होता’ असं गुपचूप नव्हे, तर सॉफ्टवेअरच्या जाहीर पानावर, जगभरातले लोक वाचतील असा. आमच्या मुलांना गणित येतं, कोड येतो, सोलापूरच्या उन्हात दोन बस बदलून वेळेवर येणं येतं. चारचौघांत ‘मला हे कळलं नाही’ म्हणणं मात्र त्यांच्या जिवावर येतं. चहासाठी का होईना, तोंड उघडतात.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात कंप्युटर शिकवते आणि उरलेल्या वेळात मुलांना मुक्त सॉफ्टवेअरच्या कामाला जुंपते. मुक्त म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. ते सॉफ्टवेअर सांभाळणारी मंडळी दुरुस्ती तपासतात आणि पटली तर आत घेतात. आम्ही धरलेलं सॉफ्टवेअर पावसाच्या नोंदींचं होतं. गावोगावच्या पर्जन्यमापकांचे आकडे घ्यायचे, चुकीचे वाटतील ते गाळायचे आणि उरलेल्यांचा नकाशा काढायचा, हे त्याचं काम. देशोदेशीचे संशोधक ते वापरतात.

तिसऱ्या वर्षाची एक मुलगी कुर्डुवाडीहून रोज रेल्वेने यायची. वडील रेल्वेच्या कारखान्यात, आई घरची ज्वारी बघणारी. मुलगी इतकी अबोल, की कितीतरी शनिवार ती चहाविना राहिली आणि मीही बधले नाही. मग एकदा तिने माझ्या पडद्यावरच्या नकाशाकडे बोट दाखवलं.

“मॅडम, ह्यात आपण कुटं हाय?”

खरंच, आम्ही कुठेच नव्हतो. महाराष्ट्रभर ठिपकेच ठिपके आणि आमच्या जिल्ह्याच्या जागी भोक. कुर्डुवाडी नाही, वेळापूर नाही, सोलापूर शहरही नाही. तिने हे जाहीर पानावर विचारलं, त्या शनिवारी पहिल्यांदा चहा घेतला आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच कोड उघडून बसली. कारण तिला सापडलं. पावसाळ्यात एखाद्या मापकात लागोपाठ शून्य दिसलं, की त्याचं नरसाळं तुंबलं असं प्रोग्राम धरून चालायचा आणि ते केंद्रच नकाशातून उडवून टाकायचा. लिहिणारा बहुतेक अशा मुलखातला असावा, जिथे पावसाळाभर छत्री वाळत नाही. आमच्याकडे ऐन श्रावणात पाऊस ओढ देतो, तेव्हा शून्य म्हणजे शून्यच असतं.

मला आधी हसू आलं आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. आमचा अख्खा कोरडा मुलूख यंत्राचा बिघाड म्हणून केराच्या टोपलीत! त्यात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तोंडावर आली होती आणि काही संशोधक तीच वापरून दख्खनमधल्या कोरड्या दिवसांचा नकाशा काढणार होते. दुरुस्ती त्याआधी आत गेली नाही, तर दुष्काळाच्या नकाशात सोलापूरच नसणार होतं.

“कर दुरुस्ती,” मी म्हटलं.

“मी?”

“मग काय, मी करू? तुला दिसलंय, तूच कर.”

तिने मनावर घेतलं. कंपन्यांच्या मुलाखतींची तयारी करून घेणारा वर्ग सोडला. त्यावरून घरी वडिलांनी विचारलं, ह्यातनं तुला काय मिळणार? पण दुरुस्ती सुंदर केली. एका मापकात शून्य आणि भोवती पाऊस, तर यंत्र बिघडलं. भोवतीही सगळीकडे शून्य, तर पाऊसच पडला नाही. इतकं सरळ.

दुरुस्तीचा प्रस्ताव गेला. सांभाळणाऱ्यांपैकी एका परदेशी गृहस्थांनी तो तपासला आणि ओळीओळीवर शेरे मारले. हे नाव बदला, इथे चाचणी नाही, हे फार हळू चालेल, हे असं का? वाचून मी खूश झाले. सोमवारी मोठ्या उत्साहाने पान उघडलं, तर प्रत्येक शेऱ्याखाली ‘सॉरी सर’ आणि सगळ्यात खाली, प्रस्ताव मागे घेतला आहे.

असं फक्त आमचीच मुलं करू शकतात. पहिलीपासून लाल शाई म्हणजे नापास, एवढंच त्यांना ठाऊक. पेपरवर शेरा दिसला की घडी घालायची आणि दप्तराच्या तळाशी दडपायचा. मी तिला बोलावून घेतलं.

“काय केलंस हे?”

“मॅडम, लई चुका काढल्या त्यांनी. एक ओळ सोडली न्हाय. लाज वाटली मला.”

मी चांगलीच ओरडणार होते. पण तिचे डोळे भरलेले दिसले आणि माझा आवाज आपोआप खाली आला.

“तुझी आई नवी पेठेत साडी घ्यायला जाते ना? कशी घेते?”

ती गोंधळली. “घडी मोडून बघती. पदर उलटा करती. हितं धागा निघालाय, तितं रंग फिका हाय, असं दुकानदाराचं डोकं खाती.”

“आणि साडी आवडलीच नाही तर?”

“मग कशाला बोलती? नुस्ती पुढं चालती की.”

एवढं बोलून तिने माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून बसली आणि मागे घेतलेला प्रस्ताव पुन्हा उघडला. मी तिथून निघून गेले, कारण मला फारच आनंद झाला होता आणि तो तिला दाखवायचा नव्हता.

त्या आठवड्यात तिने एकेका शेऱ्याला उत्तर दिलं. जे पटलं ते बदललं, जे पटलं नाही तिथे का नाही ते लिहिलं. शेवटी एकच प्रश्न उरला. त्या गृहस्थांनी विचारलं होतं, पावसाळ्यात एवढ्या मोठ्या भागात इतके दिवस पाऊस नसणं प्रत्यक्षात घडतं का? ती उत्तर दाखवायला माझ्याकडे आली. मी बघितलंच नाही. “तुझं उत्तर आहे, तूच पाठव.”

नंतर जाहीर पानावर वाचलं. साध्या, थोड्या अडखळत्या इंग्रजीत तिने लिहिलं होतं: मी इथे राहते. आमच्याकडे हा यंत्राचा बिघाड नसतो, पावसाळाच तसा असतो. खाली आजूबाजूच्या केंद्रांच्या जुन्या नोंदी आणि त्यांवर चालवलेली चाचणी जोडली होती. त्यात एकदाही ‘सॉरी’ नव्हतं.

शनिवारी चहा आला तेव्हाच कुणीतरी ओरडलं. दुरुस्ती आत गेली होती, नव्या आवृत्तीत. त्या गृहस्थांनी एवढंच लिहिलं होतं, हे आमच्या कधी लक्षातच आलं नसतं, आभारी आहे. लॅबमध्ये जो दंगा उसळला, त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. टेबलावर हात आपटताना माझाच चहा सांडला. मुलीने नवी आवृत्ती चालवली आणि भोकाच्या जागी ठिपके उगवत गेले. सोलापूर आलं, वेळापूर आलं, कुर्डुवाडी आली. ती त्या ठिपक्यावर बोट ठेवून बसून राहिली. अभिमानाने माझा ऊर भरून आला होता, हे मी आता लपवत नाही.

मग तिने घरी फोन लावला. सगळ्यांनी ओरडून तो स्पीकरवर ठेवायला लावला. तिने आईला एका दमात सगळं सांगितलं, प्रोग्राम, परदेशी सर, नकाशा.

“मंग आता पाऊस पडंल व्हय गं?” आईने विचारलं.

मुलं हसली. ती हसली नाही.

“न्हाय आई. पण आपल्याकडं पडला न्हाय, हे आता समद्यांना दिसंल.”

“एवढं केलंस व्हय तू?” आई म्हणाली. मग तिने तिथूनच मोठ्याने वडिलांना हाक मारली.