खिडकीतला कप

आमच्या रेणापूरच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत, बाहेरच्या बाजूला, एक कप असायचा. पांढरा, निळ्या फुलांचा. टवका उडालेला नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण तेव्हा मी स्वतःलाही तेच सांगायचे. चांगलाच कप दिलाय की!

तो सिस्टरांचा कप. एसटी स्टँडच्या पलीकडे कॅथलिक सिस्टरांचा छोटा दवाखाना होता. तिथल्या एक सिस्टर, मूळच्या केरळच्या, दोन वर्षं रोज सकाळी स्कूटीवर आमच्याकडे यायच्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, पाठीला जखमा झाल्या होत्या. पगारी बाया चार दिवसांत पळाल्या. सिस्टरांनी कधी नाकसुद्धा मुरडलं नाही. जखम धुवायची, पट्टी बांधायची, सासूबाईंची वेणी घालायची, मग ओसरीत बसून चहा. कप त्या स्वतःच विसळून खिडकीत पालथा घालायच्या.

कप वेगळा का? त्या कुष्ठरोग्यांच्या पट्ट्या करून येतात म्हणून, असं मी शेजारणीला सांगायचे. नवऱ्याला सांगायचे, सासूबाईंना चालत नाही. खरं म्हणजे त्या कुणाच्या, कोणत्या जातीच्या, ते मला ठाऊक नव्हतं, आणि अशा माणसाचा कप आमच्या माहेरी कधी आत आला नव्हता. मी शाळामास्तरीण, वर्गात समतेचा धडा शिकवते. सांगायलाही तोंड नाही.

सिस्टरांनी एकदा विचारलं, "ताई, हा कप माझाच का?"

"हो, खास तुमच्यासाठी ठेवलाय," मी म्हणाले. त्या इतक्या खुलल्या, की मला माझंच कौतुक वाटलं.

दर सुगीला आम्ही दवाखान्याला ज्वारीचं पोतं आणि तुरीची डाळ द्यायचो. नाताळच्या कार्यक्रमात त्यांनी मला स्टेजवर बोलावलं, 'आमच्या कामाचा आधार' म्हणून शाल-श्रीफळ दिलं. घरी आल्या आल्या मी शाल सासूबाईंना दाखवली.

"शाल लई चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पण तिला घरातला कप दे की गं. माझी घाण काढती ती, अन् तू तिला बाहेरचा कप देतीस."

"तुम्हाला चालत नाही म्हणून..."

"मी कवा म्हनले?"

कधीच म्हणाल्या नव्हत्या. दोन वर्षं मी त्यांच्या आडून सोवळं पाळत होते.

दुसऱ्या दिवशी फडताळातला कप काढून हातात धरला. आज कप बदलला, तर इतके दिवस काय चाललं होतं ते सिस्टरांना कळेल, असं मनात आलं. कप परत ठेवला आणि खिडकीतलाच दिला. आतून सासूबाईंनी पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पंधराएक दिवसांत त्या गेल्या.

उन्हाळ्यात सिस्टरांची बदली आफ्रिकेत झाली. निरोप घ्यायला आल्या, चहा घेतला, कप विसळला, पण पालथा घातला नाही. पदराने पुसत म्हणाल्या, "ताई, हा माझाच ना? नेऊ का?"

खरं सांगायची वेळ तीच होती. मी कप वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, नीट, फुटू नये म्हणून.

गेल्या महिन्यात फोनवर फोटो आला. पत्र्याच्या छताखाली बाकावर एक म्हातारी, पायाला पट्टी, दोन्ही हातांत निळ्या फुलांचा कप. खाली सिस्टरांचा आवाज: "ताई, इथं हा एकच धड कप आहे. पट्टी झाली की सगळे यातच चहा पितात, मीसुद्धा. मी सगळ्यांना सांगते, भारतात एका घरी माझा स्वतःचा कप होता. अजून दोन-चार पाठवाल का?"

तो आवाज मी तीनदा ऐकला. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, ते आवाजावरून कळेना. दोन्हींत माझी लाज सारखीच होती. 'सिस्टर, तो कप' एवढं लिहिलं, पुसलं, आणि हात जोडलेलं चित्र पाठवून दिलं.

परवा फडताळातले सहाही कप काढून खोक्यात भरले. नवरा म्हणाला, "आपण कशात प्यायचं?" मी कपांच्या मधे वर्तमानपत्र कोंबलं. खोकं अजून ओसरीतच आहे. त्यात एक चिठ्ठी घालायची आहे, ती लिहून होत नाही.