बाबांच्या प्लेयरची बॅटरी

काल फोनवर संदेश आला, ‘अपडेट करा, बॅटरी जास्त टिकेल.’ मला काही वर्षांपूर्वी वाशीच्या हॉस्पिटलात झोपून असलेले बाबा आठवले. त्यांच्या जुन्या म्युझिक प्लेयरची बॅटरी तासाभरात संपायची, म्हणून महापे इथल्या माझ्या ऑफिसात मी त्यावर नवं सॉफ्टवेअर टाकून आणलं होतं.

बाबांनी इअरफोनचं एक टोक आईपुढे धरलं. “हे तुझ्या कानान घाल. दोघांनी आयकलं तं बॅटरी वाचंल.”

“बाबा, तसं काही नसतं,” मी म्हणाले.

“तू गप ऱ्हा गो, पोरी.”

वायर आखूड होती. जन्मभर एक होडीवर, दुसरी मासळीबाजारात राबलेली ती दोघं डोक्याला डोकं लावून गाणी ऐकत बसली.

त्याच आठवड्यात बाबा गेले. त्यांना बॅटरीतलं काही कळत नाही, असंच मी तेव्हा समजले होते.