आठ फरश्यांची गॅलरी

घर घेताना लोक घरात काय काय आहे ते बघतात. घरात काय काय नाही एवढंच बघत तीन वर्षं हिंडलेलं माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच निघेल, आणि ती माझी भाची आहे. धाकट्या बहिणीची लेक, श्रीगोंद्याची, वय पस्तीस. एका लॅबमध्ये तपासणीसाठी लोकांचं रक्त काढते. कॉलेजसाठी म्हणून भिंगारला माझ्याकडे आली ती सतरा वर्षं राहिली. मी तिसरीपर्यंत शिकलेला गवंडी. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून वाद आहे. पण थापी मात्र पन्नास वर्षं सुटली नाही, आणि माझ्या हातची फरशी आजवर कुठे पोकळ वाजलेली नाही. कोणाला खोटं वाटत असेल त्यानं जाऊन रुपया आपटून बघावा.

या पोरीला देखभाल हा शब्दच सोसत नाही. तिच्याकडे एक ताट, एक वाटी, एक पेला. ड्रेस सात, सातही राखाडी, म्हणजे डाग दिसत नाही आणि सकाळी उठून विचार करावा लागत नाही. केस कानाच्या वर कापलेले, कारण तेल आणि वेणी म्हणजे तिच्या मते रोजचा अर्ध्या तासाचा दंड. दिवाळीला लॅबमधून गुलाबाचं रोप मिळालं, ते तिनं घरापर्यंतही आणलं नाही, रिक्षावाल्यालाच देऊन टाकलं. "मामा, जी वस्तू माझी वाट बघत बसती ती मला नको," असं तिचं म्हणणं. लग्नाचंही तेच झालं. राहात्याहून एक स्थळ आलं, मुलगा सज्जन, पेरूची बाग. हिनं पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कपड्यांना इस्त्री तुम्ही स्वतः करता का?" मुलानं आईकडे पाहिलं. तिथंच ते स्थळ संपलं. बहिणीनं फोनवर मलाच धारेवर धरलं, "दादा, तुज्या घरात ऱ्हाऊन बिघडली ती."

यात तथ्य असावं, कारण माझं घर म्हणजे नुसती देखभाल. तीन खोल्या, मी स्वतः बांधलेल्या, वर कौलं, दारात कडुनिंब. निंब पानं टाकतो, मांजरं कौलं सरकवतात, चुना पोपडे धरतो. त्यामुळे दर रविवारी मी शिडीवर आणि ती खाली शिडी धरून, असा आमचा नेम. "माझ्या मैत्रिणी रविवारी सिनेमाला जातात मामा, आन मी तुमचे तळवे बघते," असं ती म्हणायची, पण शिडी कधी सोडली नाही. अशाच एका रविवारी खालून आवाज आला, "मामा, मी फ्लॅट घेनार हाय. ज्याला काही म्हंजे काहीच करावं लागत न्हाई असा."

मी वरून म्हणालो, "घे की." आणि हातातलं कौल फुटलं.

तिची मामी गेल्यापासून त्या घरात आम्ही दोघंच होतो. राहा, असा दोन अक्षरांचा शब्द होता. पण ज्यानं कधी कुठल्या ठेकेदाराच्या दारात काम दे म्हटलं नाही, त्याच्या तोंडून तो निघत नाही. शिवाय वाट बघणाऱ्या वस्तूबद्दल तिचं मत मला ठाऊक होतं.

मग एरिया शोधणं सुरू झालं. भिंती वाजवायला म्हणून ती मला बरोबर न्यायची, पण तिची खरी परीक्षा पांढऱ्या रुमालाची. गॅलरीच्या कठड्याला रुमाल बांधायचा आणि तासाभरानं सोडायचा. केडगावला हायवेच्या अंगाला रुमाल भाजलेल्या भाकरीसारखा निघाला. दुसऱ्या एका कॉलनीत, नाव सांगत नाही, माझे साडू राहतात तिथे, तर रुमालच गेला. भाची म्हणाली, "धूळ न्हाई, पन शेजार हाय," आणि वहीत फुली मारली. सारसनगरला सगळं जमत आलं होतं. धूळ कमी, पाणी वेळेवर. एवढ्यात शेजारची एक गोड बाई मोगऱ्याची फांदी घेऊन आली, "लावा तुमच्या कुंडीत." भाची तिला नमस्कार करून जिना उतरली ती परत त्या गल्लीत गेली नाही. एजंटांचं तर ती ऐकायचीच नाही. आधी गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे जाऊन बसायची, कोणाच्या घरी भांडण आहे, कोणाच्या टाकीला पाणी पुरत नाही, सगळं कपड्यांवरून विचारून घ्यायची. एका इस्त्रीवाल्यानं शेवटी तिला हात जोडले, "ताई, फ्लॅट घ्यायचाय का सोयरीक जमवायचीय?"

आता खरं सांगायला हरकत नाही. या तीन वर्षांत मी एकाही भिंतीला पास केलं नाही. रुमालातून सुटलेलं घर माझ्या थापीखाली मरायचं. इथं ओल हाय, इथं प्लास्टर फुगलंय, इथला कोन काटकोन न्हाई. ती निमूट फुली मारायची आणि आम्ही रिक्षानं भिंगारला यायचो. परतीला मी जरा जास्तच खुशीत असायचो.

मग एकदा माझे गुडघे सुजले आणि ती एकटीच सावेडीला गेली. संध्याकाळी येऊन चप्पल काढता काढता म्हणाली, "घेतला." माझ्या थापीशिवाय. मी आठ दिवस बोललो नाही. चहा ठेवत होतो, पण बशी जरा आपटून. ती आपलं एक ताट, एक वाटी, एक पेला बांधून ठेवत होती.

वास्तुशांतीला मात्र गेलो, आणि जाताना तांब्या घेऊन गेलो. फरशीची परीक्षा तांब्याची. पाणी ओतायचं आणि कुठं जातं ते बघायचं. पूजा झाल्यावर मी गॅलरीत गेलो आणि ओतला. पाणी निचऱ्याच्या जाळीकडे जायचं सोडून उलटं फिरलं, हॉलमध्ये शिरलं आणि थेट गुरुजींच्या बैठकीखाली गेलं. गुरुजी दक्षिणा घेता घेता उठले. ढाळ साफ उलटा. इतकं बरं मला तीन वर्षांत वाटलं नव्हतं. बिल्डरचा माणूस जेवायला बसलेला होता, त्याला मी सगळ्यांदेखत धरला, "आंधळ्यानं बसवल्या का रं फरश्या? आन या पोरीला फसवून घर इकलं?"

तो घास हातात धरून म्हणाला, "बाबा, कोनी फसवलं न्हाई. ताईंनी आधीच तांब्या वतून बघितला हुता. आमी दुरुस्त करून देत हुतो, तर म्हनल्या ऱ्हाऊ द्या, आमचे मामा हायेत."

मी भाचीकडे पाहिलं. ती पुसायचं फडकं घेऊन खाली बसली होती आणि मान वर करत नव्हती.

गॅलरी आठ फरश्यांची आहे. एका दुपारचं काम. मी दर रविवारी दोन रिक्षा बदलून जातो आणि एक फरशी बसवतो. ती समोर घमेलं धरून बसते. एकदा म्हणाली, "मामा, भिंगारला एवढी गॅलरी तुमी जेवनाआधी उरकली असती." मी म्हणालो, "इथलं सिमेंट सावकाश धरतं." भिंगारला शिडी आता भिंतीला टेकून असते. कौलं सरकलीत, मी चढत नाही. खाली कोणी नसलं की चार पायऱ्यासुद्धा उंच वाटतात. पण रविवारी सकाळी थापी पिशवीत टाकली की गुडघे कुरकुरत नाहीत.

बघता बघता सात झाल्या. गेल्या रविवारी आठवी फरशी मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसलो. मग ती बाजूला ठेवली, थापीची मूठ उलटी धरली आणि पहिली बसवलेली फरशी ठोकून बघितली.

"ही जरा पोकळ वाजती गं," मी म्हणालो. "उखडावी लागंल."

पन्नास वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. भाचीनं घमेलं खाली ठेवलं, वाकून कान फरशीला लावला. मी पुन्हा ठोकली. फरशी भरीव वाजत होती, कोणालाही कळलं असतं.

"व्हय मामा," ती म्हणाली. "लईच पोकळ हाय."